सहा इंचांचा वनवास

त्याला सगळे दोरा म्हणत. बाप शिंपी, पोरगा शिडशिडीत आणि उंच, दुकानाच्या दारातून आत येताना मान वाकवावी लागायची. बोलणं तर इतकं कमी, की एखाद्या दिवशी सलग तीन वाक्यं बोलला तर त्याची ताई कपाळाला हात लावून बघायची, ताप तर नाही ना आला. नाव ठेवलं होतं समोरच्या सलूनवाल्यानं. गल्लीतल्या निम्म्या लोकांची नावं त्यानंच ठेवलेली. आईबापांनी हौसेनं ठेवलेली नावं शाळेच्या दाखल्यावर पडून होती.

दुकान कसलं, लांबोडकी खोली. पुढं काउंटर, मध्ये कापड बेतायचं मोठं टेबल, मागं दोन मशिनी. एक बाबांची, एक ताईची. ताईची मशीन जेवढी चाले त्याच्या दुप्पट तिची जीभ चाले, आणि दोन्ही सरळ चालत. दोरा लहानपणी त्या टेबलाखाली बसून चिंध्यांचे चेंडू बनवायचा. तिथंच त्याच्या कानावर एक प्रसंग पडला आणि तो त्यानं जन्माची शिकवण म्हणून गाठीला बांधून ठेवला.

झालं होतं असं, की एक वकील नवी पँट घेऊन तणतणत आले. पँट कमरेत आवळत होती.

"माप चुकलंय तुमचं!" वकील म्हणाले.

बाबांनी चष्मा नाकावर चढवला, मापाची वही काढली, पान उघडलं आणि वकिलांसमोर धरलं. "माप बरोबर आहे साहेब. मधल्या काळात तुम्ही वाढलात."

सलूनमध्ये हा किस्सा आठवडाभर पुरला. वकील पुढचे सहा महिने केस कापायला दुसऱ्या गल्लीत जात होते. पण टेबलाखालच्या पोरानं त्यातून घेतलं ते एवढंच: माप चुकत नाही. चुकतो तो माणूस.

दुकानामागं एक बोळ होता, आणि बोळ संपला की लाकडाच्या वखारीचं मोकळं आवार. सोळाव्या वर्षी दोऱ्यानं त्या आवारात एक मोडका पुतळा नेऊन उभा केला. काचेत कपडे घालून ठेवतात तसला. त्याला डोकं नव्हतं आणि एक हातही नव्हता. हा त्याचा फलंदाज. बोळाच्या त्या टोकाकडून धावत यायचं आणि चेंडू नेमका पुतळ्याच्या दांड्याच्या बुडाशी टाकायचा. पुतळ्यानं कधी तक्रार केली नाही की कधी धावा काढल्या नाहीत. बाबांचा साठ इंची टेप बारा वेळा टाकला की बोळ संपायचा, म्हणून दोऱ्याचा रनअपही बारा टेप. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही.

पुढं तो क्लबकडून खेळायला लागला तेव्हा बाबांनी आपला जुना सुती टेप त्याला देऊन टाकला. टोकाला पितळी पट्टी, वापरून वापरून मळकट पिवळा झालेला. बाकीचे गोलंदाज पावलं मोजून खूण करत. हा मैदानावर उकिडवा बसून टेप टाकी, उचली, पुन्हा टाकी. प्रेक्षकांतून हमखास कुणीतरी ओरडे, "अरे, खेळपट्टीला सदरा शिवतोस का?" दोरा मान वर करत नसे. खूण झाली की उठून चेंडू टाकायला लागे आणि ओरडणारे गप्प बसत. चेंडू वेगात यायचा आणि टप्पा पडल्यावर आत वळायचा. आठ वर्षं त्यानं असेच बळी घेतले. क्लबचा संघ झाला, विभागाचा झाला, आणि चोविसाव्या वर्षी देशाच्या संघात नाव आलं.

बातमी आली त्या दिवशी सलूनवाल्यानं एका गिऱ्हाइकाची निम्मीच दाढी केली आणि रस्त्यावर येऊन नाचला. ताईनं दोऱ्याला रडत रडत चार शिव्या दिल्या. आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा दुपारची मशीन बंद ठेवून एक काम केलं. लेकाच्या पिशवीतून तो मळका टेप काढला. आंतरराष्ट्रीय सामना, लाखो लोक बघणार, आणि पोरगं असला कळकट टेप घेऊन मैदानात बसणार? त्यांनी तो उकळत्या पाण्यात साबण घालून धुतला, वाळवला, वर इस्त्री फिरवली आणि छान गुंडाळी करून परत ठेवला. पोराला सांगितलंही नाही. लाज वाटली असावी.

आता पुढचं सगळ्या देशानं पाहिलं.

सामन्याआधी दोन दिवस सराव झाला, तिथं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सरावात कोण नो बॉल बघतो? सामन्याच्या दिवशी दोऱ्यानं बारा टेप टाकले, खूण केली, धावत आला, पहिला चेंडू टाकला आणि पंचानं हात आडवा पसरला. नो बॉल. असेल, पहिला चेंडू आहे, पोरगं घाबरलंय, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या षटकात पुन्हा दोन. पाचव्या षटकात त्यानं पाहुण्यांच्या सलामीच्या फलंदाजाची मधली यष्टी उखडली. दोन्ही हात वर करून तो धावत सुटला, यष्टिरक्षकाच्या गळ्यात पडला, आणि मग वळून बघतो तर पंच पुतळ्यासारखा उभा, हात आडवा. फलंदाज तेव्हा चारवर होता. पुढं त्यानं दोनशे अकरा केल्या.

कॅप्टन धावत आला. "अरे बाबा, खूण मागं घे ना."

"खूण बरोबर आहे."

"मग पाय पुढं का पडतोय?"

दोरा वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

"सहा इंच मागं सरक म्हणतोय मी, घरदार सोडून जा म्हणत नाहीये!"

"माप बरोबर आहे, कॅप्टन."

कॅप्टननं आभाळाकडं बघितलं. मग दोऱ्यानं काय करावं? खूण तशीच ठेवली आणि पाय आखडून धावायला लागला. वेग गेला, वळण गेलं, उरला तो फक्त नो बॉल. सामन्यात एकूण चौदा. बळी शून्य. देश हरला तो एका डावानं.

निवड समितीचे प्रमुख फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नो बॉलबद्दल चकार शब्द काढला नाही. "मुलगा गुणी आहे," ते पत्रकारांना म्हणाले, "पण ऐकत नाही." आणि यादीतून नाव काढलं. नो बॉलला उपाय असतो. न ऐकणाऱ्याला कोण परत बोलावतो?

गल्लीत परत आल्यावर लोकांनी काय केलं ते विचारू नका. सांत्वन करणारे दोन दिवस आले, मग चेष्टा करणाऱ्यांची रांग लागली. दोऱ्यानं दुकानाचा उंबरा ओलांडला की समोरून सलूनवाला वस्तरा हातात तसाच धरून हात आडवा पसरायचा. वस्तऱ्याखालचं गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसायचं.

"मामा, कान जाईल कुणाचा तरी," दोरा म्हणायचा.

"गेला तर गेला. तुझा पाय जातो तेव्हा कोण काय बोलतं?"

दोऱ्यानं ते मनाला लावून घेतलं नाही असं नाही. पण मनाला लावून घेण्याची त्याची पद्धत वेगळी. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बोळात हजर. पुतळा परत उभा केला, शिवणकामाच्या खडूनं जमिनीवर रेष मारली, तिथून बारा टेप मागं खूण केली आणि ताईला रेषेपाशी उभं केलं. ताईची नजर अशी, की बाहीत पाव इंचाचा फरक असला तर तिला रस्त्यापलीकडून दिसायचा.

"मला देशाकडून एक तरी बळी घ्यायचाय, ताई. एक. मग घरी बसवलं तरी चालेल."

"बसशील कसला. चल, धाव. बघते मी."

रोज सकाळी साठ चेंडू. आणि रोज ताईचा खणखणीत आवाज: "गेला! ... गेला! ... अरे, हा तर शेजाऱ्यांच्या घरात गेला!" त्यानं पावलं बदलून पाहिली, उडी बदलून पाहिली, बूट बदलून पाहिले. खूण मात्र बारा टेपांवरच. तिला हात लावायचा नाही. आठ महिने हे चाललं. एखाद्यानं डोकं भिंतीवर आपटून घ्यावं आणि भिंतीनं सरकावं अशी वाट बघावी, तसं.

मग एके दुपारी ताई दुकान आवरत होती. तिनं आपला टेप खिळ्याला अडकवला आणि टेबलावर पडलेला दोऱ्याचा टेपही उचलून शेजारी लटकवला. दोन पावलं मागं सरली आणि तिथंच थांबली.

"दोऱ्या, इकडं ये."

"काय?"

"खाली बघ. टोकं."

दोन्ही टेप साठ इंचांचे, दोन्ही एकाच खिळ्याला. आणि दोऱ्याचा टेप दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच वर संपत होता.

दोरा बघतच राहिला. मग त्याच्या ओठांची हालचाल झाली. अर्धा इंच, बारा वेळा. सहा इंच! आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू फुटलं. "म्हणजे मी चुकलो नव्हतो! टेप आटलाय, ताई! मी सांगतो सगळ्यांना. कॅप्टनला सांगतो, त्या समितीच्या साहेबांना पत्र लिहितो, पेपरात..."

"आणि काय लिहिशील? चौदा वेळा पंचानं हात पसरला तरी मी टेपाचंच ऐकलं, असं? पहिल्या नो बॉलाला टेप चुकला. उरलेल्या तेराला कोण चुकलं?"

तेवढ्यात मागची मशीन थांबली. बाबा उठून आले, खिळ्यापाशी उभे राहिले, आटलेल्या टेपाचं टोक बोटांत धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

"मी धुतला," ते म्हणाले. "उकळत्या पाण्यात. गिऱ्हाइकाला चाळीस वर्षं सांगत आलो, सुती कापड आधी भिजवून आटवून घ्या. आणि स्वतःच्या पोराचा टेप..."

दोरा म्हणाला, "असू द्या बाबा. पण तुम्हीच म्हणायचात ना, माप चुकत नाही म्हणून?"

"मी? कधी?"

"वकिलांना."

बाबांनी डोळे मोठे केले. "अरे गाढवा! वकिलाला तसं म्हणायलाच लागतं, नाहीतर तो शिलाई देत नाही! त्याच संध्याकाळी ती पँट मी एक इंच सैल करून पाठवली होती. घरपोच." मग जरा खाकरून म्हणाले, "माप कापण्यापुरतं असतं. मग ट्रायल कशाला बोलावतो आपण? कच्ची टीप मारायची, माणसाच्या अंगावर चढवायचं, हात वर करा म्हणायचं, वाका म्हणायचं. जिथं ताणेल तिथं टाचणी. वहीत काय लिहिलंय ते त्या वेळी बघायचंसुद्धा नाही. आठ महिने माझ्या दुकानात राहून तुला हे दिसलं नाही?"

दिसलं होतं, रोज दिसत होतं. कळलं नव्हतं. वीस वर्षं एका अर्ध्या ऐकलेल्या वाक्यावर या पोरानं रनअप बांधला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्यानं ताईचा टेप वापरून बारा मापं टाकली. पहिल्या चारही चेंडूंना पाय रेषेच्या आत पडला. ताई ओरडली, "आत!" पाचव्याला मात्र तो स्वतःच थांबला, रेषेपाशी येऊन बुटाच्या खिळ्यांचा ठसा पाहिला आणि खूण दोन बोटं मागं घेतली.

"अरे, आतच होता!" ताई म्हणाली.

"काठावर होता. थकलो की पाय लांब पडतो."

त्या दिवसापासून दोऱ्याचा नवा खेळ सुरू झाला. दोन हंगाम तो विभागाच्या संघाकडून खेळला. प्रत्येक षटकानंतर रेषेपाशी जाऊन वाकायचं, आपला ठसा बघायचा, खूण एक बोट पुढं, दोन बोटं मागं. जमीन ओली असली की वेगळी, उतार असला की वेगळी. एक पंच वैतागून म्हणाला, "अहो, तुम्ही गोलंदाज आहात की जमीन मोजणीवाले?" दोरा म्हणाला, "मोजत नाही साहेब, बघतोय." दोन हंगामांत बळी एकशे चार. नो बॉल एकही नाही. हा आकडा सलूनवाल्यानं आरशावर साबणानं लिहून ठेवला होता, आणि तो पुसला जाऊ नये म्हणून गिऱ्हाइकांना वाकड्या मानेनं आरशात बघावं लागे. मात्र दोरा दिसला की हात आडवा पसरायचं त्यानं सोडलं नाही. सवय ती सवय.

सत्ताविसाव्या वर्षी, देशाच्या एका गोलंदाजाचा घोटा मुरगळला म्हणून, दोऱ्याला पुन्हा बोलावणं आलं. फोनवर समितीचे प्रमुख फार सभ्यपणे म्हणाले, "एक सामना देतोय. पुढचं काही सांगत नाही." याचा अर्थ दोऱ्याला बरोबर कळला. याच सामन्यात, नाहीतर कधीच नाही.

कॅप्टन तोच होता. त्यानं हात मिळवला, पण नजर दोऱ्याच्या पिशवीकडं. "टेप आणलायस?"

"आणलाय."

"हं," कॅप्टन म्हणाला. त्या 'हं'मध्ये दोनशे अकरा धावा होत्या.

पहिल्या डावात दोऱ्यानं एकोणीस षटकं टाकली. नो बॉल शून्य, बळीही शून्य. दोन झेल सुटले. एक तर असा सुटला की क्षेत्ररक्षकाची बायकोही घरी म्हणाली असेल, माझ्या हातानं धरला असता. दुसऱ्या डावात पाचव्या दिवसाचा चहा झाला, पाहुण्यांच्या दोन विकेट उरल्या आणि दोऱ्याची पाटी अजून कोरीच. कॅप्टनचे नेहमीचे हुकमी गोलंदाज दमून कंबरेवर हात ठेवून उभे होते. त्यानं चेंडू दोऱ्याकडं फेकला. "घे. चार षटकं."

तिसऱ्या षटकात दहाव्या क्रमांकाचा फलंदाज समोर होता. दोऱ्यानं चेंडू टाकला, तो आत वळला आणि त्या बिचाऱ्याची बाहेरच्या यष्टीवरची बेल उडवून गेला. मैदान उसळलं. सगळे धावत आले. पण पंचानं फलंदाजाला थांबवलं आणि वर तिसऱ्या पंचाकडं खूण केली. मोठ्या पडद्यावर दोऱ्याचा बूट दिसला, हत्तीच्या पायाएवढा. पंचवीस हजार माणसं एक बूट बघत होती. टाच धागाभरसुद्धा रेषेच्या मागं नव्हती.

नो बॉल.

कुठूनतरी हसू फुटलं. ते हसू एका बाजूनं दुसऱ्या बाजूकडं वाऱ्यासारखं गेलं. दोन वर्षं एकही नाही, आणि आज, नेमका आज! कॅप्टन लांबूनच डोक्याला हात लावून यायला लागला. तीन वर्षांपूर्वीचं संभाषण त्याला तोंडपाठ होतं, आणि ते पुन्हा करायची त्याच्यात ताकद नव्हती.

दोरा मात्र पडद्याकडं बघत नव्हता. तो रेषेपाशी वाकून आपला ठसा बघत होता. मग मान वर करून त्यानं स्टँडवरचा झेंडा पाहिला. चहानंतर वारा फिरला होता, आता तो पाठीमागून लोटत होता. दोरा आपल्या खुणेपाशी चालत गेला, बुटानं जुनी खूण घासून टाकली, तीन बोटं मागं नवी खूण केली.

कॅप्टन पोचला. "तू... खूण मागं घेतलीस?"

"वारा पाठीला आहे. पाऊल लांब पडतंय."

"आणि माप?"

"माप सकाळचं होतं, कॅप्टन. दुसऱ्या स्लिपला जरा जवळ घ्या."

कॅप्टन मुकाट्यानं गेला आणि दुसऱ्या स्लिपला जवळ घेतलं. कोण कुणाचा कॅप्टन, असा प्रश्न पडावा.

पुढचा चेंडू. दोरा धावत आला, पाय आखडला नाही, वेग कमी केला नाही, जीव तोडून टाकला. खरं सांगायचं तर हा चेंडू आधीच्याइतका देखणा नव्हता. वळलाच नाही फारसा. फलंदाज तो वळेल म्हणून खेळला आणि चेंडू त्याच्या पॅडवर फाटकन बसला. बोट वर गेलं. फलंदाजानं दाद मागितली, पुन्हा पडदा, पुन्हा तो हत्तीच्या पायाएवढा बूट. टाच रेषेच्या मागं चांगली दोन बोटं.

बाद. देशाकडून पहिला बळी, आणि तोही दहाव्या क्रमांकाचा, ज्याला त्याची आईही फलंदाज म्हणत नसेल. पण बळी तो बळी. रेकॉर्डात कुणी बळीच्या शेजारी 'सोपा होता' असं लिहीत नाही. साथीदार गळ्यात पडायला आले तेव्हा दोरा त्यांच्या हाताखालून निसटून पुन्हा रेषेपाशी वाकला होता. यष्टिरक्षक ओरडला, "अरे, आता तरी हस की!"

"अजून एक राहिलाय," दोरा म्हणाला.

राहिलेला एक त्याला मिळाला नाही. अकरावा फलंदाज धावचीत झाला, आणि पेपरात फोटो आला तो चेंडू फेकणाऱ्याचा. दोऱ्याला तळाशी एक ओळ मिळाली. पण समितीच्या प्रमुखांनी ती ओळ वाचली, कारण पुढची सात वर्षं ते त्याला यादीतून काढू शकले नाहीत. अडतीस सामने, एकशे सव्वीस बळी. त्यात मोठमोठे फलंदाज आले, पण त्यांची नावं सांगत बसलं तर दोरा स्वतः उठून जाईल.

त्या दिवशी सामना संपल्यावर, बूटही न काढता त्यानं दुकानात फोन लावला. मागून सलूनवाल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता. बाबांनी उचलला.

"किती?" त्यांनी विचारलं. सगळं टीव्हीवर बघितलं होतं तरी विचारलं.

"एकच."

"पाय?"

"एकदा गेला."

"मग?"

"खूण तीन बोटं मागं घेतली."

मग बाबा खाकरले. "बरं केलंस. ठेव आता. वकील आलेत पँट घालून बघायला, पडद्याआडून हाका मारतायत."

आणि त्यांनी फोन ठेवला.